सेल संपायच्या आत

साडेअकराला सेल संपणार
आणि कार्ट अजून रिकामं.
इनास एकसष्टचा. चोडणच्या फेरीबोटीवर
तीस वर्षं सुकाणू.
भाचा लिस्बनला गेला, त्याचा कॉम्प्युटर
आता मामाच्या सालात, खुरसाखाली.
माउस धरतो पाची बोटांनी,
जणू सोडला तर प्रवाहात जाईल.

बंदुकांचे नकोत.
एका हातानं चालायचं, दुसऱ्यानं बघायचं,
हे अंगवळणी पडेपर्यंत शंभरदा मरेल बिचारा
आणि दर वेळी मला फोन.
शेतीचा? गोड आहे, कोंबड्यासुद्धा आहेत.
पण खाजन विकून त्याला
दोन वर्षंही झाली नाहीत.
एक होता बोट चालवायचा, लाटा अगदी खऱ्या.
क्लिक केलं, मग काढून टाकला.
पेन्शनीत कोणी ड्युटी भेट देतं का?

शेवटी घेतला दीडशे रुपयांचा एक:
एक बाई, एक बेट.
मरण नाही, घड्याळ नाही,
वाट चुकली तर चुकली.
आणि दोघांनी मिळून खेळायचा आणखी एक,
तो खरं तर माझ्यासाठी.

तीन दिवस फोन नाही.
चौथ्या रात्री, जेवणं झाल्यावर:
"गो सुलक्षा, न्हंय आयली.
हांगा फेरी ना मगो?"
म्हटलं, उजवीकडे वळ, पुढे पूल आहे.
"आसूं दी," म्हणाला.
त्याच्या स्पीकरातून पाणी ऐकू येत होतं.
बाईला काठावर उभी करून
तो मागची वाट बघत बसला होता,
कोणी यायचं राहिलंय का.