बंदीच्या दिवसांत

मासेमारी बंद, म्हणून आचऱ्याचा बर्फाचा कारखानाही गप्प.
ऑफिसातला टीव्ही तेवढा चालू:
परदेशातल्या कुठल्याशा शेडमध्ये
लढाईतलं विमान जोडतायत, सात वर्षं.

"सात वर्सांत माजा गलबत
दोनदा बुडान वर इला असता," कोयंडे म्हणाला.

पंखावर कापड शिवणाऱ्या बाईची गाठ बघून
जाळी विणणारा लाडू खवणेकर खुर्चीसकट पुढे सरकला.
"ही आमची गाठ. हिका कोणी शिकवली?"

इंजिन खोकलं.
बस्त्याव मेस्त्रीने आवाज वाढवायला लावला, डोळे मिटले.
"एक सिलिंडर मिसिंग मारता,"
आणि पडद्यावरच्या टाळ्यांवर वैतागला.

चहा घेऊन आलेली शेवंती दारातच उभी.
"आणि ह्यां चालवणारो खंय गेलो?"
जाहिरात लागली.

घरी येऊन मी खुराड्यावरचा पत्रा पाहिला.
आजोबांच्या जाळ्यात आलेला, भलताच हलका,
कधी गंजला नाही म्हणून ठेवलेला.
कडेने बारीक भोकं, सारख्या अंतरावर,
एका कोपऱ्यात मात्र दोन मोठी, वाकडी.

मोठ्या भोकात बोट घातलं.
आतून कोंबडी कुरकुरली.
अंड्यांवर बसली होती.