बाकी

मुरारच्या टेम्पोतून उतरले तेव्हा
फाटकाशी कोणी नव्हतं. एक बकरी,
आणि तारेवर वाळत घातलेला तपकिरी झगा,
शेजारी त्याची दोरी. दोरीला तीन गाठी.
"दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन,"
मागून आवाज आला. "धुतल्यावर आवळतात. सुटत नाहीत."
ब्रदर अन्सेल्म कुजूर, पायात रबरी चपला,
हिंदी जशपूरकडची.

त्यांचं पत्र आलं होतं. मठात एक सनद आहे,
शंभर वर्षांच्या वरची, वाचणारं कोणी उरलं नाही.
दप्तरखान्यात मी चौतीस वर्षं मोडी वाचली,
दुसऱ्यांच्या वाटण्या, दुसऱ्यांची वतनं,
नथीवरून जावाजावांचे तंटे.
आता मोडी कोणाला लागत नाही.
लग्नपत्रिकेवर नक्षी म्हणून हवी असते, तेवढीच.

फिकट दगडाचा चौक, मधे विहीर,
विहिरीवर गंजकी जाळी.
असिसीचा संत हात पसरून उभा,
आणि त्या हातावर संग्रहालयाची किल्ली अडकवलेली.
"दुसरीकडे ठेवली की हरवते."

संग्रहालय म्हणजे जुनं धान्याचं कोठार. दोन खोल्या.
प्रसादाच्या पापड्या भाजायचा लांब दांड्यांचा चिमटा.
एकाच भिंगाचा चष्मा.
पायपेटी, तिच्या सात पट्ट्या मुक्या.
प्लेगच्या साली पुरलेल्यांची वही;
ब्रदरनी एक पान वाचून दाखवलं,
नावांच्या जागी बरेचदा नुसतं
एक बाई, एक लेकरू, एक बाई.
मग आम्ही दोघंही गप्प राहिलो.
त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. बरं वाटलं.

सनद खिडकीपाशी, काचेखाली, मखमलीवर.
खाली टंकलेली चिठ्ठी: दरबाराकडून मिळालेले दानपत्र.
मी चष्मा बदलला.
पहिल्या ओळीलाच कळलं, हे दान नव्हे.
"रमकू घोसीण. दूध पाव शेर रोज.
अधिक महिना धरून.
देणे बाकी रुपये सव्वातीन."

आणखी एक होतं, ते सांगायला मला वेळ लागला.
मोडी लिहिणारा आधी वरची रेघ ओढतो,
मग अक्षरं लोंबकळत सोडतो, लेखणी न उचलता.
इथं रेघ नंतर ओढलेली होती, वाकडी,
आणि प्रत्येक अक्षरामागे लेखणी उचललेली;
उचलल्याच्या जागी शाईचा बारीक ठिपका.
हा आमच्याकडचा हात नाही, मी म्हटलं.
कोणीतरी परदेशी पाद्री, मोठेपणी मोडी शिकलेला,
ज्याला पैशाला शिवायची मुभा नव्हती,
तो आपलं देणं तिच्या लिपीत लिहू पाहत होता.
तिच्या म्हणजे, त्याला वाटलं तिची असेल.
रमकूला तरी कुठे वाचता येत असणार.

ब्रदर म्हणाले, पुन्हा वाचा.
मी पुन्हा वाचलं.
"फिटलं का, ते लिहिलंय?"
नाही.
"व्याजासकट आज किती होतील?"
मी हिशोब करायला घेतला, सवयीनं, बोटांवर,
आणि मधेच सोडून दिला.
घोसी मोहल्ला अजून आहे का, त्यांनी विचारलं.
आहे. टेम्पो स्टँडच्या मागे. मोबाइलची कव्हरं विकतात तिथे.

त्यांनी चिठ्ठी काढली, खिशात घातली.
नवी लिहिली नाही.
मखमलीवर कागद तसाच, बिननावाचा,
आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा
किल्ली संताच्या हातावर परत, किंचित हलणारी.

रात्री दूध तापवून झाल्यावर
कॅलेंडरवर आजच्या चौकोनात अर्धा लिटर लिहिलं.
मोडीत लिहिलं, बऱ्याच वर्षांनी.
लेखणी उचलत, उचलत.