डोळ्यांचं तेवढं राहू दे

बांबूचा सांगाडा म्हाताऱ्या क्वोकनं एकट्यानं बांधला,
ताय ओच्या खाडीत, खांबांवर उभ्या घराच्या फळ्यांवर बसून.
खाली भरती खांबांना चाटत होती
आणि भरतीवर थर्माकोलच्या पेट्यांचे तुकडे,
पांढरे, हलके, एकमेकांना टकरा देत.

आम्ही वेचायला गेलो.
साऊ-फूंग आली, जवळ्याच्या वाटणाचा वास हातांना तसाच,
शाळेतली सात मुलं आली,
मी आले, गोंदाची बंदूक घेऊन, नाइलाजानं.

क्वोक म्हणाला, ड्रॅगन पहिल्यापासून उसनवारीचंच जनावर.
शिंगं हरणाची, मान सापाची,
कान बैलाचे, नखं गरुडाची,
स्वतःचं असं त्याच्याकडे काय होतं?
मग शिंगं नळाच्या पाइपची चालतील.
मिशा नायलॉनच्या जाळ्याच्या.
जीभ एका लाल चपलेची, डाव्या पायाची,
आणि दात
टूथब्रशचे, जे कुणीतरी रोज सकाळी
तोंडात घालून जगाकडे आरशातून बघितलं असेल.

खवले एकशे सतरा लागतात.
एक्याऐंशी उजेडाचे, छत्तीस अंधाराचे,
त्याच्या बापानं त्याला असंच शिकवलेलं.
एकशे सतरा झाकणं
आम्हाला पहिल्या दिवशी न्याहारीच्या आतच मिळाली.
उजेडाची कुठली, अंधाराची कुठली, मुलं विचारत होती.
क्वोकनं एक निळं झाकण बोटांत फिरवलं,
पाण्याच्या बाटलीचं.
पुढे काही बोलला नाही.
चार हजारांनंतर आम्ही मोजणं सोडलं.

पोटाचं मात्र त्यानं कुणाला करू दिलं नाही.
मागच्या वर्षी गुलाबी डॉल्फिनचं एक पिल्लू
पुलापाशी लागलं होतं, त्याला उचलताना तो होता.
पोटात काय होतं ते त्यानं बादलीत जपून ठेवलेलं,
धुतलेलं, वाळवलेलं.
दोन रात्री तो त्या बादलीजवळ बसला.
तिसऱ्या दिवशी ड्रॅगनला पोट होतं.

सणाच्या सकाळी ताम साहेब आले,
जिल्हा कचेरीतले, कोट घालून, फोटोवाला घेऊन.
डोळे त्यांनी रेखायचे असं ठरलेलं.
शेंदरी रंगाची वाटी, नवा कुंचला,
ढोल तयार, मुलं ड्रॅगनखाली काठ्या धरून,
मोत्याच्या जागी नारिंगी तरंगतं बोंड,
कुठल्याशा जहाजाच्या जाळ्याचं.

क्वोकनं वाटीवर पंजा ठेवला.
डोळ्यांचं तेवढं राहू दे, म्हणाला.

का?

डोळे आले की हा जिवंत होतो.
जिवंत झाला की घरी जातो.
आणि घर कुठंय त्याचं,
तुम्हाला माहीत आहे, साहेब.
वर्षभर आम्ही जे तिथून काढलं
ते सगळं एका उडीत परत.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.
ताम साहेबांनी कुंचल्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.
ढोलवाल्या पोराला काही कळलं नव्हतं,
त्यानं वाजवायला सुरुवात केली.

तो आंधळा नाचला, सगळ्या गल्ल्यांतून,
सुक्या माशांच्या दोऱ्यांखालून वाकत,
मोत्याच्या मागे, मोती न दिसता.
चार हजार झाकणांचा आवाज
खडीवर ओसरणाऱ्या लाटेसारखा येत होता.
साऊ-फूंग रडली. मला विचारलंस तर
मी नाही रडले, मी गळून पडलेली झाकणं वेचत
मागून चालत होते.

महिन्याभरानं वादळाचा आठ नंबर लागला.
ज्यानं त्यानं आपापली होडी बांधली.
क्वोकनं ड्रॅगनला तीन दोर घातले,
होडीला घालतात तीच गाठ.

सकाळी पाणी उतरलं.
तो जागेवर होता, एक शिंग वाकडं,
कागदाची कोरी बुबुळं ओली.
आणि त्याच्या पोटाखाली, पंजांपाशी, शेपटीपर्यंत
रात्रीत समुद्रानं आणून टाकलेली
लाल, हिरवी, निळी झाकणं.

क्वोक उकिडवा बसला.
बराच वेळ बघत राहिला.
वाढतोय, म्हणाला.