मुरतं पाणी

पनियाकने किटली हुंगली, खाली ठेवली.
"चहा काळा पडतो या पाण्याचा," ती म्हणाली,
"साखरेनं झाकत नाही चव.
खिळा चोखल्यासारखी."

मी दर ऑगस्टला येतो इथे, अलास्काच्या या टोकाला,
पाण्यावर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानातून.
साठ बाटल्या, सामू मोजायचं यंत्र,
डासांसाठी जाळी. नदीला तीन वर्षांपूर्वी
तळातला खडा न् खडा दिसायचा.

दहा हजार वर्षं ही जमीन गोठून पडली होती,
पोटात गंधक आणि लोखंड एकमेकांना बिलगून:
पिवळी कणी, सोन्याचा आव आणणारी.
मग उन्हाळे लांबले. वरून पाणी मुरलं,
पाण्याबरोबर प्राणवायू गेला,
पाहुण्याच्या मागून न बोलावलेला पाहुणा जातो तसा,
आणि जोडी फुटली.
गंधक आम्ल होऊन निघालं.
लोखंड त्याच्या पाठोपाठ,
आधी बिनरंगी, अगदी सज्जनासारखं.
उजेडात आल्यावर तांबडं.

सामू तीन पूर्णांक दोन.
मी वहीत लिहिलं. पुन्हा मोजलं. तेवढाच.

खाली फाट्यावर दुसरा ओढा येऊन मिळतो, अजून निर्मळ.
तिथे पाणी फाटतं, नासलेल्या दुधासारखं.
ॲल्युमिनियमचे पांढरे पुंजके गोट्यांवर बसतात.
पनियाकचा नातू नासुग्राक विचारतो,
"चाटून बघू?"
नको.
तो गोटा उलटा करतो. गेल्या वर्षी खाली अळ्या होत्या,
वाळूचा कण कणाला चिकटवून घर बांधणाऱ्या.
आज गोट्याखाली गोट्याचीच ओल.
तो पुढचा उलटतो. मग त्याच्या पुढचा.
मी हाक मारेपर्यंत थांबत नाही.

मासे वाळवायच्या मांडवावर तीनच ग्रेलिंग,
तेही वरच्या तळ्यातले.
बाकीच्या दांड्यांवर पनियाकने मोजे वाळत घातलेत.
"मांडव रिकामा ठेवू नये," म्हणते.

एकोणचाळिसाव्या बाटलीला माझं पेन संपलं.
दुसरं विमानात राहिलेलं, आणि विमान मंगळवारी.
पनियाक हसली. उठून कालचा चहा आणला,
तळाशी दाट, काळा कुळकुळीत.
चहातला तुरटपणा आणि नदीतलं लोखंड,
यांची शाई होते हे मी पुस्तकात वाचलेलं,
तिला किटली घासून ठाऊक.
विलोची काडी बुडवून तिनं चिठ्ठीवर लिहिलं,
हळूहळू, जीभ ओठांत धरून.
आकडा नव्हता तो. नदीचं नाव होतं,
तिच्या आईनं शिकवलेलं,
ज्याचा अर्थ मी विचारला तेव्हा
ती म्हणाली, "आता लागू पडत नाही."

नोव्हेंबरात प्रयोगशाळेचं पत्र आलं:
नमुना एकोणचाळीस, क्रमांक आढळला नाही.
चिठ्ठीवर अनोळखी शब्द.
कृपया खुलासा करावा.
आणि खाली कुणीतरी हातानं लिहिलेलं:
आली तेव्हा अक्षरं फिकट होती,
हल्ली रोज थोडी गडद होताहेत.