निधान

पहाटेची हवा चांगली, लोक म्हणतात.
माझ्या छातीला पहाट सोसत नाही.
मी नवाला निघते,
निपाणीत ऊन दुकानांच्या फळ्यांवर टेकलं की.
आधी पंप, मग चूळ, मग चपला.
वाकून चपलेचा पट्टा लावणं हाही व्यायामच,
पण तो डॉक्टरांच्या कागदावर नाही.

"बस की गं आई," लेक म्हणते.
"बसा की मावशी," रसवाला स्टूल सरकवतो.
जावई तर खुर्ची धरूनच उभा.
सगळ्यांची माया एका शब्दात: बस.
बसलेच होते की.
एकतीस वर्षं मगदुमांच्या वखारीत
चाळणीपुढं मांडी घालून,
पदर नाकाला, डोळ्यांत पाणी.
दारातनं तिरपं ऊन आत आलं
की सोन्यागत चमकायचा तंबाखूचा खकाणा.
आम्ही कौतुकानं बघायचो.

बेळगावच्या दवाखान्यात लांबलचक पडवी.
सहा मिनिटं चालायचं, बोटाला चिमटा.
घड्याळ धरलेली पोरगी हुक्केरीची, तेजस्विनी नाव.
मी भोंगा झाल्यागत सुटले,
तर मागनं ती: "निधान, अक्का, निधान!"
मी खाली फरशीकडं बघितलं.
म्हटलं, काय घबाड सापडलं हिला?
सारा जन्म निपाणीत गेला, कानडी कानावरनंच गेली.
पाच पावलांनी उमगलं,
त्यांच्यात निधान म्हणजे सावकाश.

मग तिनं ओठांचा चंबू करून दाखवला.
नाकानं दोन मोजत आत,
ओठांतनं चार मोजत बाहेर.
हे तर मला येतं, मी म्हटलं.
ओल्या जळणापुढं फुंकणी धरून
दुसरं काय केलं?
तेव्हा फुंकर चुलीला जायची
आणि धूर मला यायचा.

घरापासून दस्तगीर टेलरपर्यंत विजेचे सात खांब.
पहिले दोन कळतही नाहीत.
तिसऱ्याला चढ लागतो.
चाळीस वर्षं याच रस्त्यानं गेले-आले,
हा चढ आहे हे मला ठाऊकच नव्हतं.
पाचव्याला हात टेकून, मान खाली.
येणारे-जाणारे समजतात, म्हातारी फोन बघतेय.

बाजारच्या दिवशी गर्दीत मोजणी चुकली
आणि आठवा खांब आला.
तिथं वखार. कुलूप गंजलेलं,
भिंतीला वास अजून तसाच.
पायरीवर मालन कुरणे,
दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापाशी.
असे खांदे मला लांबनं ओळखू येतात.
"वय झालं," ती म्हणाली.
वय नव्हे गं, म्हणणार होते,
पण बोलायला दम नव्हता.
शेजारी बसले.
दोन आत, चार बाहेर.
ती बघत राहिली, मग तिला हसू फुटलं,
हसताना खोकला:
"अगं, चूल कुठाय?"

तेव्हापासनं ती तिकडनं निघते, मी इकडनं.
घरी दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली.
खुर्चीतनं हात न टेकता दहा वेळा उठणं.
नातू मोजतो आणि सातानंतर एकदम नऊ म्हणतो,
त्याला माझी दया येते.
मी त्याला परत आठवर आणते.

आज नळासाठी रस्ता उकरलेला.
धूळ. आभाळही जड.
चिमट्यानं एक्क्याण्णव दाखवले.
चौथ्या खांबाशी थांबले.
ती वरनं सहाव्यापर्यंत आली होती.
मधे दोन खांब, एक पोकलेन.
हाक मारायला दोघींपाशी वारा नव्हता.
तिनं हात वर केला.
मी केला.

परतताना मला उतार,
तिला चढ.
मी उभीच राहिले
ती सातव्याला टेकेपर्यंत.