काट्यावरची रात्र

सावदा, रात्रीचे साडेअकरा.
काट्यावर केळीचा ट्रक, दिल्लीचा.
आकडा लाल, ठाम: एकवीस टन तीनशे चाळीस.
पावती मात्र निघत नाही,
कारण आकडा आधी ऑफिसच्या मशीनला कळायला हवा,
आणि नेट नाही.

परवा भुसावळचा एक मुलगा
कॉम्प्युटरवर नवं लिनक्स टाकून गेला.
म्हणाला, मावशी, आता पाच वर्षं बघायला नको.
मावशी! असो.

केबल काढून फुंकली, परत लावली.
राउटर बंद केला, शंभर मोजले, चालू केला.
खोबणीतला हिरवा दिवा लुकलुकतोय,
म्हणजे तारेत जीव आहे.
काळ्या पडद्यावर विचारलं, आत कोण कोण आहे?
यादी आली. सातव्या ओळीत नेटवर्क कार्ड,
कंपनीच्या नावासकट, शहाण्यासारखं बसलेलं.
ड्रायव्हर? तोही हजर.

खिडकीशी दुसरा ड्रायव्हर:
ताई, पावती भेटीन का आज?
म्हटलं, दोघंही ड्रायव्हर जागे आहेत भाऊ,
रस्ताच सापडत नाहीये.

मग उघडलं ते,
जे यंत्र उठताना स्वतःशी पुटपुटतं.
हजारभर ओळी. डोळे चुरचुरले.
मधेच एक, कुणाला न सांगता लिहिलेली:
ईथ-झिरोचं नाव बदललं.
आता ई-एन-पी-थ्री-एस-झिरो.

जुनी सेटिंगची फाइल मात्र तशीच.
पत्ता बरोबर, दार बरोबर,
फक्त हाक मारतेय ईथ-झिरोला.
त्या नावाचं घरात आता कुणी नाही.

चोपड्याला, मांडवात,
ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं: रेवती.
सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले.
पुढे कितीतरी दिवस सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या,
रेवती, ए रेवती,
आणि मी ओट्याशी भाकरी थापत
मनात म्हणायची, कोण ही, ओ का देत नाही?
बहिरी हाय का व ही, आतेसासू म्हणाल्या.
बहिरी नव्हते.
दिवा लुकलुकत होता, ड्रायव्हर हजर होता.
कोकिळा म्हणाला असता कुणी, तर धावत गेले असते.

फाइलीत एक शब्द खोडला, एक लिहिला.
जतन केलं. कार्ड उठवलं.
चार सेकंद काहीच नाही,
मग पत्ता मिळाला
आणि प्रिंटर खरखरला.

पावतीच्या तळाशी छापून येतं,
ऑपरेटर: रेवती.
तीही एक फाइलच.
कुठे असते, मला माहीत आहे.

पुढचा ट्रक काट्यावर चढतोय.