खारीचा वाटा

शाळेत गुरुजींनी सेतू बांधणारी खार शिकवली
तेव्हा मला वाटलं, चुकीचं सांगताहेत.
आमच्या घरात खारीचा वाटा म्हणजे
अडतीस गुंठे,
बांधापासून तिसरा तुकडा,
राता भात.

आज त्याच तुकड्यात गुडघाभर चिखलात उभा आहे.
हातात टेप, गळ्यात खात्याचं ओळखपत्र.
तिवर क्रमांक एकशे बारा.
घेर एकेचाळीस सेंटिमीटर.
वय मोजायची गरज नाही,
मी आठवीत होतो तेव्हा खांड गेली.

त्याआधीचं घरात असं सांगतात:
पणजा राघो आणि आणखी सतरा घरं
ओहोटी धरून खाडीत उतरली.
तिवरं तोडली, चिपी तोडली,
बुंधे जाळले तीन रात्री;
पल्याडच्या गावाला वाटलं, गलबत पेटलं.
मग चिखल, पेंढा, दगड, पुन्हा चिखल,
दोन भरत्यांच्या मधे
उभा राहील तेवढा बांध.
तीन पावसाळे जमीन नुसती मीठ धूत बसली.
चौथ्या वर्षी भात.
पहिलं कणीस त्यांनी उघाडीच्या दगडाला बांधलं.
(देव मागाहून आला. आधी दगडच होता.)

तेव्हा झाडं म्हणजे अडचण होती.
माणसं वाईट नव्हती, भुकेली होती,
आणि दर्या उगाच पसरलेला दिसत होता.

त्या बांधाची एक जोळ होती.
उधाणाच्या रात्री डबा वाजला की
घरटी एक माणूस, एक फावडं,
भांडण असो, सुतक असो.
चिंबोरीच्या बोटभर बिळातून
समुद्र चुलीपर्यंत येतो,
हे रांगत्या पोरालाही ठाऊक.

मग बांध सरकारजमा झाला.
जोळीतली माणसं कारखान्याच्या तीन पाळ्यांत वाटली गेली.
डबा वाजवणारा कमळू
कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन बसला.
भोक दिसलं तेव्हा आम्ही अर्ज केला.
अर्जाला आवक क्रमांक मिळाला.
श्रावणी अमावास्येच्या सकाळी
भाताच्या शेंड्यांवरून बोयटं पोहत होती.

तीन वर्षं आई मोडक्या बांधावर येऊन
नुसती बघायची.
चौथ्या वर्षी कोयती घेऊन उतरली,
कालवं फोडायला.

परवा शहरातून आलेल्या मुली म्हणाल्या,
किती आदिम आहे ना इथं सगळं!
मी हो म्हटलं.
हे जंगल माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे.

सातबाऱ्यावर पीक अजून भात.
खात्याच्या नकाशावर हिरवा रंग.
एक फांदी मोडली तर
माझ्यावरचा गुन्हा मीच नोंदवायचा.

आई विचारते, ‘आपला तुकडा यो का त्यो?’
मी यंत्रावर दाखवतो. ती बघत नाही.
पायानं चाचपत जाते,
चिखलाखाली आडव्या बांधाचा उंचवटा लागतो.
‘ह्यो,’ म्हणते.
निवट्या टणाटण बाजूला होतात,
मालकीण आल्यासारख्या.

एकशे तेरा क्रमांकाचं झाड
उघाडीच्या दगडावर बसलंय.
मुळांनी त्याला असं धरलंय
की कोण कुणाला सावरतंय कळत नाही.
दगडावर कालवं दाट.
आई तिथलीही काढते.
सगळी नाही.

तक्त्यात एक रकाना आहे:
जमिनीचा पूर्वीचा वापर.
शेती, मिठागर, पडीक, इतर.
शेती लिहितो. मग थांबतो.
शेतीच्या आधी?
रकाना एका शब्दाएवढाच आहे.

पेनाचं टोक कागदावर,
पाणी पोटरीवरून मांडीकडे.
‘आरं, भरती लागली,’ आई ओरडते,
‘लिवतोस काय उबा राहून!’